दोन नावं, दोन ठोके

मंगळवारी सकाळी ओवीच्या आईच्या फोनवर संदेश आला: ओवी भगवान टेकाळे यांच्या गर्भाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी आहे, मातेने आहारात डाळी, अंडी आणि पालेभाज्या वाढवाव्यात. ओवी तेव्हा मुगाचं तिसरं धिरडं संपवत होती. आईने संदेश दोनदा वाचला, फोन बाजूला ठेवला आणि न विचारताच चौथं धिरडं तव्यावर घातलं.

पाऊण तासाने चाळीसगावहून सासूबाईंचा फोन आला. संदेश त्यांनाही आला होता आणि तो वाचून त्यांना आनंद आवरत नव्हता.

“शाल्मली, अगं अभिनंदन आलंय. बाळाची वाढ उत्तम आहे म्हणे. वजन तर आठवड्याच्या मानानं जास्तच.”

ओवी आणि शाल्मली या दोन बायका नव्हेत. टेकाळ्यांची ओवी लग्न होऊन निकुंभांकडे गेली तेव्हा नवऱ्याने, मल्हारने, ताटातल्या तांदळात अंगठीने ‘शाल्मली’ असं लिहिलं होतं. २०४३ सालापर्यंत ही पद्धत बहुतेकांनी सोडून दिली होती, पण सासूबाईंना हौस होती आणि ओवीने हसून मान डोलावली होती. एखादं नाव जास्तीचं असलं म्हणून काही अंगाला टोचत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ओळखपत्रावर, पदवीवर, औषधं विकण्याच्या परवान्यावर ती ओवीच राहिली. शाल्मली होती ती फक्त चाळीसगावच्या घरात आणि त्या घराच्या कुटुंबकार्डावर.

आता तिच्या पोटात जुळं होतं आणि पंचविसावा आठवडा लागला होता. ‘मातृसाद’ची मात्र अशी ठाम समजूत झाली होती, की ओवी नावाच्या एका बाईच्या पोटात एक अशक्त बाळ आहे आणि शाल्मली नावाच्या दुसऱ्या बाईच्या पोटात एक धष्टपुष्ट.

मातृसाद म्हणजे पोटावर बांधायचा पट्टा. रुंद, मऊ आणि आतून बारीक बारीक यांत्रिक कानांनी भरलेला. हे कान बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतात, बाळाला पोसणाऱ्या वारेतून वाहणाऱ्या रक्ताची सळसळ ऐकतात आणि दर दहा मिनिटांनी सगळं दूरच्या संगणकाला कळवतात. चित्र दाखवत नाहीत. म्हणूनच तर हा पट्टा सगळ्यांना आवडला. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते दिसतं, आणि ते दिसलं की काय होतं हे आपण पुरेसं भोगलं होतं. पट्ट्याला दिसतच नाही, तर तो सांगणार काय? हळूहळू सोनोग्राफीची यंत्रं कुलपात गेली आणि पट्ट्याने शिफारस केली तरच कुलूप उघडायचं, असा नियम झाला.

जुळ्यांच्या बाबतीत पट्ट्याने खरोखर कमाल केली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन बाळं एकाच वारेवर वाढत असली, की दोघांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा देवाणघेवाण बरोबरीची राहते. कधी तोल जातो आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहायला लागतं. देणारं सुकत जातं आणि घेणाऱ्याचं हृदय नको तेवढ्या रक्ताने दमून जातं. वरवर पाहणाऱ्याला वाटावं, एक रोडकं आहे आणि एक गुटगुटीत आहे. प्रत्यक्षात दोघांचाही जीव धोक्यात असतो. पट्टा करायचा काय, तर एका हृदयाच्या ठोक्याचा धक्का दुसऱ्या बाळाच्या रक्तात किती वेळाने पोचतो ते मोजायचा. आधीची नोंद हाताशी असली, तर नऊ-दहा दिवस असं मोजलं की त्या चोरवाटा नेमक्या कुठे आहेत त्याचा नकाशा तयार व्हायचा. मग बाहेरूनच, नकाशावर नेम धरून ध्वनिलहरींचा झोत सोडायचा आणि वाट बुजवायची. कापणं नाही, टाके नाहीत. अट एकच होती, हे सगळं अठ्ठाविसावा आठवडा संपायच्या आत व्हायला हवं. पुढे वाहिन्या जाड होतात आणि झोत पुरा पडत नाही.

चाळीसगावला पट्ट्याची नोंद कुटुंबकार्डावरून झाली होती, म्हणून शाल्मलीच्या नावावर ही तुलना दर आठवड्याला येत होती. जुळं, वार एक, लक्ष ठेवा. मग पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, सावळेगावला आली. पट्टा पिशवीत घालून आणला होता. उपकेंद्रातल्या खिल्लारे सिस्टरनी ओळखपत्र मागितलं आणि त्यावर जे नाव होतं ते भरलं. नियमच तसा होता. त्या दिवसापासून तुलना बंद झाली.

घोडं कुठे पेंड खातंय ते सिस्टरनीच शोधून काढलं. दोन-तीन वर्षांपूर्वी पट्टे कमी पडत होते, तेव्हा जावा-जावा, नणंदा-भावजया एकच पट्टा आलटून पालटून बांधायच्या आणि संगणकाचा गोंधळ उडायचा. म्हणून त्याला शिकवण्यात आलं, की एका पट्ट्यावर दोन नावं आणि दोन वेगळे ठोके आले तर त्या दोन बायका समजाव्यात आणि ठोके वाटून द्यावेत. त्याने इमानाने वाटून दिले. जोरकस ठोका शाल्मलीला, नाजूक ठोका ओवीला. आता दोघींना एकेकच बाळ म्हटल्यावर तुलना कुणाची कुणाशी करायची?

“मग दुरुस्त करा ना ते,” ओवी म्हणाली.

“तेच करायले की बाई. चार दिवसांपासून दुसरं काय करायले मी?”

खिल्लारे सिस्टर पन्नाशीच्या होत्या, तीन गावं एकट्या सांभाळायच्या आणि सहसा कशाने चिडायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मदतवाहिनीला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला.

“आपली तक्रार ओवी यांच्याबद्दल आहे की शाल्मली यांच्याबद्दल?”

“दोघी एकच आहेत,” ओवी म्हणाली.

“कृपया एक निवडा.”

“अहो, मी एकटीच आहे. एकाच बाईची दोन नावं आहेत.”

“धन्यवाद. आपण एकट्या आहात याची नोंद घेतली आहे. एकट्या मातांसाठीच्या समुपदेशनाची माहिती आपल्याला पाठवत आहोत.”

ओवीने फोन उचलून भिंतीवर आपटायचाच बाकी ठेवला. तो सिस्टरचा होता म्हणून वाचला.

मग सिस्टरनी शाल्मलीची नोंद चाळीसगावहून सावळेगावला हलवून पाहिली. पत्ता एक, वय एक, रक्तगट एक, हे पाहून तरी त्या संगणकाच्या डोक्यात प्रकाश पडेल, अशी त्यांना आशा होती. पाचव्या दिवशी टपालाने एक खोकं आलं. एकाच घरात दोन गरोदर महिला राहत असल्याचं लक्षात आल्याने मातृसादने दुसरा पट्टा पाठवला होता. सोबत पत्र होतं, की कृपया पट्टा आपसात वाटून घेऊ नये.

यात आणखी एक गोष्ट हळूहळू घडत होती आणि तिची ओवीला जास्त चीड येत होती. दोन्ही घरांनी बाळं वाटून घेतली होती. आई उठता-बसता “आपल्या बारक्याचं कसं व्हायचं” म्हणायची आणि ताटात आणखी एक अंडं ठेवायची. सासूबाई “आमचं बाळ बघ कसं अंग धरतंय” म्हणायच्या. शनिवारी तर त्यांनी थेट ओवीच्या आईलाच फोन केला.

“विहीणबाई, राग मानू नका, पण आमच्याकडे होती तोवर दोन्ही नीट होती. तिकडे आल्यावरच एक मागं पडलं. पोरीला खायला प्यायला घालता ना?”

आईने फोन ठेवला आणि बराच वेळ परसात जाऊन उभी राहिली. ओवीला कुणाकुणाला समजवायचं तेच कळेना. एक उपाशी आणि एक जेवलेलं असं काही नाही, दोघांचं रक्त एकाच वाटेने चाललंय, आणि त्या थोरल्याचं अभिनंदन करताय ना, तेही तितकंच संकटात आहे, हे तिने दोन्ही घरी सांगून पाहिलं. आई म्हणाली, तू खा. सासूबाई म्हणाल्या, तू काळजी करू नको, आमचं चांगलंच आहे.

मल्हार चांगला नवरा होता, पण कुणालाही दुखवायचं नाही हा त्याचा बाणा असल्यामुळे त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. “मी मम्मीशी बोलतो,” असं तो रोज म्हणायचा.

सव्विसावा आठवडा निम्मा सरला तेव्हा सिस्टरनी हात टेकले आणि ओवीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर काझींकडे गेल्या. फरहा काझी जुळ्यांच्याच डॉक्टर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खणातून ठोके ऐकायचं जुनं हातयंत्र काढलं आणि ओवीच्या पोटावर ठेवलं. आधी डावीकडे एक दणदणीत ठोका ऐकू आला. उजवीकडे खाली, बऱ्याच शोधाशोधीनंतर, दुसरा.

“दोन आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “मला ऐकू येतायत, तुला येतायत, बाहेरच्या वॉचमनलाही येतील. आणि तोल गेलाय हे पोटाला हात लावूनच कळतंय. पण झोत मी अंदाजाने सोडू शकत नाही. नकाशा लागतो, आणि नकाशा जुळ्यांच्या नोंदीवरच बनतो.”

“मग काय करायचं?”

“दोन नावांतलं एक बंद करायचं. मग पट्ट्यावर नाव एक आणि ठोके दोन उरतील. त्याला जुळं मानावंच लागेल.”

“नाव बंद कराया चार कारणं देतंय ते,” सिस्टर म्हणाल्या. “प्रसूती, गर्भपात, स्थलांतर, मातामृत्यू. प्रसूती आणि गर्भपात घेत नाही, कारण ठोका चालू आहे. स्थलांतर करून पाहिलं, तर पट्टा आला.”

डॉक्टरांनी हातयंत्र पुसून खणात ठेवलं.

“मातामृत्यू घेईल,” मग त्या म्हणाल्या. “मेलेल्या बाईबद्दल ते प्रश्न विचारत नाही. मागून माणसं येतात विचारायला, पण ते मागून. आणि बंद करायचं ते ओवीचं नाव. शाल्मलीच्या नावावर तीन महिन्यांची दोन्ही ठोक्यांची नोंद पडून आहे, त्यावरून नऊ दिवसांत नकाशा होईल. ओवीवर नव्याने सुरू केलं तर महिना जाईल. महिना आपल्याकडे नाही.”

परतीच्या वाटेवर ओवीने मल्हारला फोन करून सगळं सांगितलं. त्याला हायसं वाटलेलं आवाजावरून कळत होतं.

“मग सोपंय की. तुझं ते दुसरं नाव बंद करून टाकू.”

“ते पहिलं आहे,” ओवी म्हणाली आणि फोन बंद केला. पदवी जाणार होती, परवाना जाणार होता, बँकेतलं खातं गोठणार होतं. हे सगळं नंतर कधीतरी भांडून परत मिळवता येईल, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण मरायचं कुणी, तर जिने सव्वीस वर्षं जगून दाखवलं तिने. आणि उरणार कोण, तर ताटातल्या तांदळात दोन मिनिटांत जन्मलेली.

घोडं पुन्हा अडलं ते घरातच. मृत्यूच्या नोंदीला नोंदणीकृत पालकाचा अंगठा लागत होता. ओवीच्या नावापुढे पालक म्हणून आई होती. सिस्टरनी टॅबलेटवरचं वाक्य वाचून दाखवलं: माझी मुलगी ओवी भगवान टेकाळे ही मरण पावली असल्याचे मी जाहीर करते.

आईने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

“जित्या लेकीचं मरण लिहून देऊ? पोटुशी असताना? कुठली आई देईल असं?”

“आई, नाव मरायलंय. मी नाही.”

“नाव मीच ठेवलेलं हाय ते. तुझ्या बापाला दुसरं पाहिजे होतं, मी भांडून ठेवलं.”

चार दिवस आई ऐकेना. ओवीने समजावलं, रडली, ओरडली, एक दिवस जेवली नाही. आईने उपवास धरले. मारुतीला तेल घातलं. शेजारणीने सांगितलं म्हणून ओवीच्या नावाने नारळ ओवाळून टाकला. पट्टा आपला दर दहा मिनिटांनी ठोके वाटून देतच होता. चौथ्या दिवशी सकाळी ओवीच्या आईच्या फोनवर संदेश आला, की ओवी यांच्या गर्भाच्या हालचाली कमी झाल्या आहेत, मातेने गोड पदार्थ खाऊन डाव्या कुशीवर झोपावं. आईने तो वाचला आणि स्वतःच उपकेंद्राची वाट धरली.

तिचा अंगठा यंत्राने घेतला नाही. आयुष्यभर भांडी घासून आणि शेण सारवून त्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. पुन्हा वाक्य वाचून दाखवावं लागलं आणि पुन्हा अंगठा. नाही. तिसऱ्यांदा सिस्टरनी तिचं मधलं बोट घेतलं. ओवी समोरच्या बाकावर बसून आपलं मरण तीनदा जाहीर होताना ऐकत होती. तिसऱ्या वेळी हिरवी खूण उमटली. तासाभरात पट्ट्यावर एक नाव आणि दोन ठोके उरले आणि शाल्मलीच्या नोंदीत आपोआप ओळ आली: जुळं, वार एक, तातडीने लक्ष द्या. दोन आठवडे ज्या ओळीसाठी जीव टांगणीला लागला होता ती ओळ आली, आणि आनंद व्हायच्या ऐवजी ओवीला ते यंत्र विहिरीत फेकून द्यावंसं वाटलं.

नकाशा दहा दिवसांनी तयार झाला. अठ्ठाविसावा आठवडा संपायला तीन दिवस उरले असताना डॉक्टर काझींनी झोत सोडून चोरवाटा बुजवल्या. बत्तिसाव्या आठवड्यात मुली झाल्या. थोरली सोळाशे ग्रॅम, धाकटी हजार चाळीस. थोरली तीन आठवड्यांत घरी आली. धाकटी सात आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि आली तेव्हा तिची डावी मूठ उघडत नव्हती. ती उघडेल, थोडीफार उघडेल, व्यायाम करत राहावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मेंदूला मधल्या काळात रक्त कमी पडलं होतं.

“दहा दिवस आधी झोत सोडता आला असता तर?” ओवीने विचारलं.

“तर बहुतेक असं झालं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

मुली चार महिन्यांच्या झाल्या तेव्हा पाहणी आली. मातामृत्यू झाला की त्याची चौकशी होते, ही फार जुनी आणि चांगली पद्धत आहे. आलेल्या अधिकारी तरुण होत्या, विनयाने बोलणाऱ्या. चपला बाहेर काढून, पाणी पिऊन त्यांनी टॅबलेट उघडला. खिल्लारे सिस्टरनाही बोलावून घेतलं होतं. ओवी थोरलीला पाजत होती, धाकटी आईच्या मांडीवर होती.

“मृत ओवी टेकाळे यांच्या आपण कोण?”

“मीच ओवी,” ओवी म्हणाली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, थोरली दचकून रडायला लागली. अधिकारी बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

“माझा विश्वास आहे तुमच्यावर,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण मृत्यू झालाच नाही, असा रकाना इथे नाही. नोंद रद्द करायची तर ओवी पुन्हा चालू होईल आणि मुलींपैकी एक तिच्या नावावर जाईल. धाकटीचे व्यायाम जुळ्यांच्या नोंदीवर चालू आहेत ना? ते बंद पडतील. करू का रद्द?”

“नको,” ओवी म्हणाली.

“मग मला हे पूर्ण करावं लागेल. मृत्यू टाळता आला असता का?”

“हो.”

“जबाबदार कोण? चार पर्याय आहेत. कुटुंब, परिचारिका, वाहन, रक्तपुरवठा.”

“ते यंत्र लिहा ना. मातृसाद लिहा.”

“तो पर्याय नाही. मी काहीच निवडलं नाही, तर परिचारिका आपोआप धरली जाते. नोंद त्यांनीच केली होती.”

खिल्लारे सिस्टर खाली बघत होत्या. त्यांच्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. ओळखपत्रावरचं नाव लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा होता.

“कुटुंब लिहा,” आई म्हणाली.

“आई, नको.”

“चार दिवस अंगठा पदरात धरून कोण बसलं होतं? मीच ना? लिहा बाई. मनीषा भगवान टेकाळे. नातं, आई.” धाकटीची मूठ ती आपल्या अंगठ्याने उघडू पाहत होती, डॉक्टरांनी दाखवलं होतं तशी, न दुखवता.

“अगं, मी जिवंत आहे,” ओवी म्हणाली. “तू कुणाचं मरण अंगावर घेतेयस?”

“तू गप बस. मेलेल्या माणसानं मधे बोलू नाही.”

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं आणि टॅबलेट ओवीपुढे धरला. घरातल्या एका सज्ञान व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागत होती. वर मजकूर होता: ओवी भगवान टेकाळे यांच्या मृत्यूस त्यांची आई जबाबदार असल्याचे मी समक्ष ऐकले.

ओवीने तो दोनदा वाचला. मग थोरलीला डाव्या खांद्यावर घेतलं, उजवा हात मोकळा केला आणि खाली सही केली, शाल्मली मल्हार निकुंभ.